पाइपच्या भोकात दडलेलं साल

१७३६ साली व्हर्जिनियात पीटर जेफरसनने २०० एकर जमीन घेतली. खरेदीखतातली किंमत? टॅव्हर्नवाल्या हेन्री वेदरबर्नचा सगळ्यात मोठा कटोरा भरून अरॅक पंच! (अरॅक ही दारू तेव्हा गोवा आणि बटाव्हियाहून जहाजांनी जायची, 'पंच' हे नावही पाच जिन्नसांवरून पडलं म्हणतात.) या पीटरचा मुलगा थॉमस पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

वेदरबर्नचं टॅव्हर्न विल्यम्सबर्गमध्ये आजही उभं आहे. टॅव्हर्न म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. खाणावळ, मुक्काम आणि गप्पांचा अड्डा, सगळं एका छपराखाली. १७६० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी झाली. जीर्णोद्धारात कुठल्या खोलीत काय मांडायचं, ते या यादीने सांगितलं. त्याच यादीत १२ गुलाम माणसांचीही किंमत लावलेली आहे.

बाकीचं जमिनीने सांगितलं. १९६५-६६ मध्ये पुरातत्त्वज्ञ आयव्हर नोएल ह्यूम यांच्या चमूने परसात खोदकाम केलं आणि सुमारे २ लाख तुकडे निघाले. टॅव्हर्नच्या उकिरड्यात तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपांच्या नळ्यांना तोटा नसतो. पाइप स्वस्त, नळी नाजूक; मोडली की फेकली.

हीच नळी साल ओळखायला घड्याळासारखी वापरता येते. ओल्या मातीच्या नळीत तार घालून भोक पाडत. काळ सरला तशा नळ्या लांब होत गेल्या आणि भोकं बारीक. १६०० च्या सुमारास भोकाचा व्यास इंचाचा ९/६४ भाग होता, १७५० नंतर ४/६४. हे पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ साली दाखवलं, तेही ड्रिलच्या साध्या बिट्स भोकात घालून! पुढे त्याच क्षेत्रातल्या लुईस बिनफर्ड यांनी त्याचं सूत्र केलं: भोकांच्या व्यासाच्या चौसष्टांशांतल्या सरासरीला ३८.२६ ने गुणा, १९३१.८५ मधून वजा करा. सरासरी ५ आली तर साल १७४०-४१. अर्थात एका तुकड्यावर विसंबून चालत नाही, ढीगभर लागतात. शिवाय १७८० नंतर सूत्र फसतं. नाहीतर १९३२ पर्यंत भोकच बुजायला हवं होतं!

मला मात्र तिथल्या बाटल्या जास्त आवडतात. परसात पुरलेल्या, काहींत अख्ख्या चेरी. टिकाव्यात, गार राहाव्यात म्हणून कुणीतरी पुरल्या असाव्यात. काढायला मात्र दोनशे वर्षांनी भलतेच लोक आले.