पाटी काढली, भाडेकरू आतच

पुण्यात जुना लॅपटॉप विकणं फारसं अवघड नाही. शिकायला आलेली मुलं गिऱ्हाईक म्हणून मिळतात, तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, आणि कुठेच जमलं नाही तर बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. घासाघीस होते ती बॅटरीवर, रॅमवर, खिळखिळ्या झालेल्या बिजागरीवर. आतल्या डेटाबद्दल विकणारा एवढंच सांगतो, ‘सगळं फॉरमॅट मारून दिलंय.’

हे फॉरमॅट नक्की काय करतं? कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे, याची एक यादी डिस्कवरच असते. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला, की यादीतली नोंद जाते आणि ती जागा मोकळी धरली जाते. वाड्याच्या दारावरची पाटी काढली म्हणून आतला भाडेकरू उठून जात नाही, तसंच हे. क्विक फॉरमॅट म्हणजे नवी कोरी यादी. हार्ड डिस्कवरचा मजकूर जागच्या जागी राहतो आणि फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअरही तो शोधून काढतं. (पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून जुन्या मजकुरावर खरोखर शून्यं लिहितो. त्याआधी एक्सपीत तो नुसते खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बिघडलेले छोटे भाग, तपासायचा. पण तासभर चालायचा, म्हणून लोकांना वाटायचं, नीट पुसलं असणार.)

अमेरिकेतल्या एमआयटीतल्या सिम्सन गार्फिंकेल आणि अभि शेलाट यांनी १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू स्थितीतल्या १२९ पैकी फक्त १२ व्यवस्थित पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते, आणि एक डिस्क तर चक्क एटीएममधून निघालेली.

हार्ड डिस्कवर उपाय सोपा आहे: सगळीकडे एकदा शून्यं लिहायची. १ टेराबाइटच्या डिस्कला दोन-तीन तास लागतात. ‘३५ वेळा पुसावं लागतं’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तो आकडा न्यूझीलंडमधले संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला. त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्क डेटा वेगवेगळ्या पद्धतींनी लिहीत. त्या सगळ्या पद्धतींना पुरतील असे ३५ नमुने त्यांनी एकत्र दिले होते. कुठल्याही एका डिस्कला ते सगळे कधीच लागत नव्हते, हे पुढे त्यांनीच वैतागून लिहिलं. आजच्या डिस्कवर एक हात पुरतो.

खरी गुंतागुंत एसएसडीत आहे, म्हणजे नव्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी असते त्या ड्राइव्हमध्ये. इथे चुंबकीय तबकडी नाही. फ्लॅश चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन अडकवून बिट साठवतात. आणि या कप्प्यांवर थेट गिरवता येत नाही. लिहायचं तर एका छोट्या पानावर लिहिता येतं, पण पुसायचं तर अनेक पानांचा अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यानं चिप थोडी झिजते. म्हणून आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, ही झीज सगळीकडे वाटून देतो. तुम्ही जुन्या फाइलवर शून्यं लिहायला सांगता, तो ती शून्यं भलत्याच पानावर लिहितो आणि जुनं पान ‘नंतर पुसू’ म्हणून बाजूला ठेवतो. शिवाय काही जागा राखीव असते, ती संगणकाला दिसतच नाही. अमुक जागा रद्द झाली, असं ट्रिम नावाची आज्ञा कंट्रोलरला कळवते, त्यामुळे डिलीट केलेलं बहुतेक वेळा परत वाचता येत नाही. पण ते कधी पुसायचं हे कंट्रोलर ठरवतो.

मग एसएसडीलाच सांगायचं, तू स्वतः सगळं पूस. त्यासाठी सिक्युअर इरेज किंवा सॅनिटाइझ या आज्ञा असतात. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये), नाहीतर ड्राइव्हच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सापडतात.

मला मात्र सगळ्यात पटतो तो एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात डेटा लिहिण्याचा मार्ग. विंडोजमधलं बिटलॉकर किंवा मॅकमधलं फाइलव्हॉल्ट पहिल्या दिवसापासून चालू असेल, तर चिपवर पडतं ते सगळं कुलूपबंदच. विकताना फक्त किल्ली नष्ट करायची. २५६ बिटांच्या किल्लीच्या शक्यता मोजायला ७८ अंकी संख्या लागते; चाचपडत किल्ली सापडायची नाही. राखीव पानांत उरलेल्या प्रतीही मग निरर्थक. पण चार वर्षं उघडा वापरलेला लॅपटॉप विकायच्या आदल्या रात्री एन्क्रिप्ट केला, तर आधीच्या उघड्या प्रती कुठेतरी राहू शकतात.

घरच्या लॅपटॉपला एवढं करा: बॅकअप घ्या, तो उघडून बघा, सगळ्या खात्यांतून लॉगआउट व्हा. विंडोजमध्ये ‘रिसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि पुढे ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू. तो आपोआप चालू नसतो आणि नेमका तोच राहून जातो. अलीकडच्या मॅकमध्ये ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ किल्लीच फेकून देतं.

मशीन सुरूच होत नसेल तर डिस्क काढून ठेवा आणि बाकीचं विका. घरातलं लोहचुंबक फिरवून काही होत नाही. फ्लॅश चिपवर तर कसल्याच चुंबकाचा परिणाम नाही. हार्ड डिस्कच्या तबकड्या वाकवून किंवा फोडून टाका. एसएसडी फोडायची तर पट्टीवरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे, मधोमध एक भोक पाडून भागत नाही. उरलेले तुकडे ई-कचऱ्यात. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थाही तो गोळा करते. काही पातळ लॅपटॉपमध्ये चिप मदरबोर्डलाच डाख देऊन बसवलेली असते, तिथे अख्खा मदरबोर्ड ठेवून घ्यावा लागतो. भाव अर्थातच पडतो.