नगरनियोजन आणि सार्वजनिक आरोग्य

जमिनीचा वापर, रस्ते, पाणीपुरवठा, घरबांधणी यांविषयीचे निर्णय घेतानाच त्यांचा रहिवाशांच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल हे तपासण्याची शहर-कारभाराची पद्धत. उपचार आरोग्य खाते करते. पण माणूस आजारी पडेल की नाही, हे पुष्कळदा दुसऱ्याच खात्याच्या फायलीत ठरते.

एकोणिसाव्या शतकात ही दोन्ही क्षेत्रे एकत्रच वाढली. समाजसुधारक एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालाने ब्रिटनमधील कष्टकरी वस्त्यांतली घाण आणि तेथील मृत्यू यांची सांगड घातली. १८४८ मध्ये सार्वजनिक आरोग्य कायदा झाला. १८५४ मध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनच्या सोहो भागातील पटकीचे (कॉलऱ्याचे) मूळ ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपात असल्याचे दाखवले. तरी भुयारी गटारांसाठी पैसा सुटला तो १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्सची दुर्गंधी थेट संसदेत शिरल्यावर! गंमत म्हणजे, अभियंते जोसेफ बॅझलगेट यांनी ही गटारे बांधायला घेतली तेव्हा रोग दूषित हवेने पसरतात, असाच बहुतेकांचा समज होता. निदान चुकले, उपाय मात्र लागू पडला. १८६६ ची पटकीची साथ प्रामुख्याने पूर्व लंडनमध्ये भडकली. नव्या गटारांचे काम तिथेच अपुरे होते.

रोग जंतूंमुळे होतात हा जंतुसिद्धांत रुजल्यावर आरोग्य खाती लस, प्रयोगशाळा आणि रुग्णालयांकडे वळली, तर नगररचनाकार नकाशे व वाहतुकीत गुंतले. ही फारकत मिटवण्याचे प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘निरोगी शहरे’ या उपक्रमाने १९८६ पासून नेटाने सुरू झाले. ‘सर्व धोरणांत आरोग्य’ हे सूत्र याच संघटनेच्या २०१३ च्या हेलसिंकी परिषदेचा मुख्य विषय होते.

प्रत्यक्षातले मुख्य साधन म्हणजे आरोग्य परिणाम मूल्यांकन. प्रकल्पाने हवा, गोंगाट, अपघात, चालण्याची सोय यांत काय फरक पडेल आणि त्याची झळ कोणाला बसेल, याची ही छाननी असते. आराखडा कच्चा असतानाच ती झाली तर उपयोग. निविदा निघाल्यावर तिचा निव्वळ सोपस्कार उरतो. तपशील किती बारीक असतात ते चौकातल्या सिग्नलवरून कळते. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे अनेक ठिकाणी धरले जाते. या हिशेबाने १४ मीटर रुंद रस्त्याला १२ सेकंद पुरतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणारी वृद्ध व्यक्ती मात्र तेवढ्या वेळात पलीकडच्या पदपथापासून चार मीटरांहून अधिक अंतरावर असते. हा वेळ वाढवण्याचा अधिकार वाहतूक विभागाचा असतो, डॉक्टरांचा नव्हे.

खरी अडचण पैशाच्या हिशेबात आहे. पदपथाचा खर्च रस्ते विभागाच्या खात्यावर पडतो आणि वाचलेला उपचारखर्च दुसऱ्याच्या अंदाजपत्रकात दिसतो, तोही कित्येक वर्षांनी. त्यामुळे नुसत्या समन्वय समितीने फारसे साधत नाही; परवानगीच्या टप्प्यावर आरोग्य खात्याचा अभिप्राय बंधनकारक लागतो. वेल्समध्ये २०१७ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांसाठी, ठरावीक परिस्थितीत, असे मूल्यांकन सक्तीचे करण्याची तरतूद केली.

उद्याने आणि चांगले पदपथ आले की परिसरातली भाडीही चढतात. ज्यांच्यासाठी सुधारणा केली तेच रहिवासी मग दूर फेकले जातात. म्हणून परवडणाऱ्या घरांची तरतूद त्याच आराखड्यात असावी लागते.