मानवयुग का नाकारले गेले?

भूविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील कालमापनाच्या तक्त्यात सर्वांत वर, म्हणजे सर्वांत अलीकडे, होलोसीन युग असते. पर्यावरणशास्त्राच्या लेखनात मात्र आजच्या काळाला सर्रास मानवयुग, म्हणजे अँथ्रोपोसीन, म्हटले जाते. तक्त्यापुरता हा पेच मार्च २०२४ मध्ये मिटला. मानवयुगाला युगाचा दर्जा देण्याचा प्रस्ताव तेव्हा फेटाळला गेला आणि शास्त्रज्ञांनी मानवाचा पृथ्वीवरील परिणामच अमान्य केला, असा त्याचा अर्थ अनेकांनी काढला. निर्णयाचा विषय तो नव्हता.

खालचा थर जुना आणि वरचा नवा, हे तत्त्व सतराव्या शतकात मांडले गेले. कल्पांची, म्हणजे युगांहून मोठ्या कालखंडांची, बहुतेक नावे एकोणिसाव्या शतकातली आहेत, तर वर्षांचे आकडे विसाव्या शतकात किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून मिळाले. या वादासाठी त्याहून महत्त्वाचे वर्ष १९७२ हे आहे. त्या वर्षी तेव्हाच्या झेकोस्लोव्हाकियातील क्लोंक येथे सिल्युरियन आणि डेव्होनियन या कल्पांमधील सीमा एका विशिष्ट थरावर निश्चित करण्यात आली. तेव्हापासून एखाद्या कालखंडाची सुरुवात सांगायची, तर जगातील एका ठिकाणच्या एका थरातील नेमका बिंदू दाखवावा लागतो. या बिंदूला भूवैज्ञानिकांच्या बोलीत ‘सोनेरी खिळा’ म्हणतात. होलोसीनचा खिळा २००८ मध्ये मान्य झाला आणि तो खडकात नसून ग्रीनलंडमधून काढलेल्या हिमगाभ्यात, म्हणजे खोल छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब नळकांड्यात, १,४९२.४५ मीटर खोलीवर आहे. इसवी सन २००० पासून मागे मोजल्यास ती सीमा सुमारे ११,७०० वर्षांपूर्वीची ठरते.

मानवयुग ही संकल्पना रूढ झाली ती २००० साली, मेक्सिकोतील एका वैज्ञानिक बैठकीनंतर, आणि तीही एका वातावरण-रसायनशास्त्रज्ञामुळे. मूळ शब्द भूविज्ञानाच्या बाहेरून आला, ही गोष्ट पुढील सगळ्या वादात जाणवत राहते. २००९ मध्ये त्यासाठी अभ्यासगट स्थापन झाला. सुरुवात कोठून मानायची, यावर शेतीचा प्रसार, इसवी सन १६१० च्या सुमारास हवेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसणारी घट, औद्योगिक क्रांती, असे अनेक पर्याय चर्चेत होते. अखेर २०१९ मध्ये अभ्यासगटाने २९ विरुद्ध ४ मतांनी विसाव्या शतकाच्या मध्याची निवड केली, कारण अणुचाचण्यांतून उडालेले प्लुटोनियम त्या काळातील गाळात जगभर सापडते.

खिळ्यासाठी २०२३ मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील क्रॉफर्ड सरोवर सुचवले गेले. सरोवर जेमतेम अडीच हेक्टरांचे, पण खोली सुमारे २४ मीटर; त्यामुळे तळाचे पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही आणि तळाचा गाळ ढवळला जात नाही. उन्हाळ्यात कॅल्साइटचा फिकट थर बसतो, त्यानंतर सेंद्रिय द्रव्याचा गडद थर बसतो, आणि अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. याच थरांतील प्लुटोनियमच्या वाढीवरून १९५० च्या दशकाचा आरंभ ही सीमा सुचवण्यात आली. पुरावा म्हणून हा गाळ अप्रतिम आहे, आणि त्याविषयी फारसा वाद झालाही नाही.

वाद झाला तो तारखेवर. अधिकृत तक्ता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेच्या उपसमितीत प्रस्तावाच्या बाजूने ४ आणि विरोधात १२ मते पडली. मतदानाची पद्धत नियमांना धरून नव्हती, असा आक्षेप खुद्द उपसमितीच्या अध्यक्षांनी घेतला, तरी वरिष्ठ संघटनेने मार्च २०२४ मध्येच निकाल कायम केला. विरोधकांचे म्हणणे असे होते की जंगलतोड, शेती, खाणकाम आणि कोळशाचा वापर या सर्वांना १९५० पूर्वीच्या बाजूला ठेवणारी रेषा मानवी हस्तक्षेपाचा इतिहासच कापून टाकते. हा युक्तिवाद टाळता येण्याजोगा नाही. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होते आणि १९५८ मध्ये हवाईतील मौना लोआवर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५ च्या आसपास पोहोचले होते. म्हणजे आज ४२० च्या वर गेलेल्या या वाढीचा लक्षणीय भाग प्रस्तावित सीमेच्या नंतर नव्हे, आधी पडतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा कालखंड युग म्हणवण्यास फार तोकडा, हा आक्षेप त्यामानाने दुबळा वाटतो, कारण युगाची किमान लांबी कोणत्याही नियमात सांगितलेली नाही.

समर्थकांचा त्रागाही समजण्यासारखा आहे. होलोसीनचे तीन भाग २०१८ मध्ये मान्य झाले, त्यांतील शेवटच्या मेघालयन कालाचा खिळा मेघालयातील मावम्लूह गुहेतील एका लवणस्तंभात आहे. त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याचे अनुमान निघते. हा कोरडा काळ जगभर एकाच वेळी आला होता का, याविषयी शंका असूनही ती सीमा मंजूर झाली. प्लुटोनियमची खूण तर तिच्यापेक्षा कितीतरी अधिक सार्वत्रिक आहे.

पर्याय म्हणून मानवी प्रभावाला युगाऐवजी ‘घटना’ मानण्याची सूचना काही भूवैज्ञानिकांनी केली आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन साठू लागला, त्यालाही घटनाच म्हणतात; ती कोट्यवधी वर्षे चालली आणि तिला खिळ्याची गरज पडली नाही. घटनेची सुरुवात निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या वेळी झालेली चालते, त्यामुळे भातशेती, कोळसा आणि प्लुटोनियम या तिन्हींना तिच्यात जागा मिळते. अधिकृत तक्त्यात आजचा काळ तूर्त होलोसीन युगातील मेघालयन काल असाच आहे, आणि मानवयुग हा शब्द पर्यावरणशास्त्रात अनौपचारिक संज्ञा म्हणून वापरण्यास त्या निर्णयाने मनाई केलेली नाही.