शीतयुद्धातल्या हेरकथांमागचा इतिहास : एकदाच वापरायचं पान

पुण्यातल्या मराठी वाचकाची हेरकथेशी पहिली ओळख बहुधा रहस्यकथेतून होते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि लायब्रऱ्यांमधून त्या घरोघरी गेल्या. तिथे गुन्हा घडतो, गुन्हेगार सापडतो, पुस्तक मिटतं. त्याच सवयीने शीतयुद्धातली हेरकादंबरी हातात घेतली की पन्नासाव्या पानापर्यंत कंटाळा येतो. माणसं नुसती वाट बघतात, आकडे मांडतात, कागद जाळतात. पण कथेचा जीव त्या आकड्यांतच असतो.

हेरगिरी आपल्याला परकी नाही. कौटिल्याने तापस, व्यापारी, भिक्षुकी अशा वेषांतल्या हेरांची जंत्री दिली आहे आणि तिघांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी, असा नियमही घालून दिला आहे. 1786 मध्ये चार्ल्स मॅलेट ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे राजदूत म्हणून पेशव्यांच्या दरबारी आला आणि पुण्यातल्या घडामोडी कंपनीच्या दप्तरात जाऊ लागल्या. त्या काळी बातमी माणूस नेत असे. विसाव्या शतकात ती रेडिओवरून जाऊ लागली आणि शत्रूलाही ऐकू येऊ लागली. म्हणून सगळा भार सांकेतिक लिपीवर आला.

सगळ्यांत भक्कम पद्धत ‘वन-टाइम पॅड’ची. आकड्यांनी भरलेली छोटी वही, तिच्या दोनच प्रती, एक हेराकडे आणि एक मुख्यालयात. निरोपाचे संकेतकोशावरून आकडे करायचे आणि पाच-पाच आकड्यांचे गट पाडायचे. समजा गट आला 47192 आणि वहीतला गट आहे 85634. दोन्हींची बेरीज करायची, पण हातचा धरायचा नाही. 4 आणि 8 बारा, लिहायचे फक्त 2. सगळा गट होतो 22726. पलीकडचा तेच पान काढून वजाबाकी करतो. 2 मधून 8 जात नाहीत, म्हणून 12 मधून 8, उरले 4. शेजारच्या आकड्याला हात लावायचा नाही. काम झालं की दोघांनीही पान जाळायचं. पानावरचे आकडे कुठल्याही क्रमाशिवाय आलेले असले आणि पान एकदाच वापरलं, तर कितीही मोठा संगणक लावला तरी हा निरोप फुटत नाही, कारण तेवढ्याच लांबीचा कुठलाही मजकूर त्यातून निघू शकतो.

घात होतो तो पान दुसऱ्यांदा वापरल्यावर. मग शत्रू एका सांकेतिक निरोपातून दुसरा वजा करतो. पानाचे आकडे दोन्हींत सारखेच, ते उडून जातात. उरतो तो दोन निरोपांमधला फरक, आणि त्यावर अंदाज चालवता येतो. 1942 मध्ये युद्धाच्या रेट्यात सोव्हिएत छपाईत नेमकं हेच झालं. हजारो पानांच्या जादा प्रती निघाल्या आणि वेगवेगळ्या वह्यांत गेल्या. अमेरिकेत 1 फेब्रुवारी 1943 ला सोव्हिएतांच्या सांकेतिक तारांवर (टेलिग्रामवर) काम सुरू झालं. ‘व्हेनोना’ या नावाने ते 1980 पर्यंत चाललं. डिसेंबर 1946 मध्ये मेरेडिथ गार्डनर यांनी उलगडलेल्या एका तारेत अणुबॉम्बवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावं निघाली. सोव्हिएत हेर क्लाउस फुक्सपर्यंत माग पोचला तो याच कामातून. मात्र किम फिल्बी या ब्रिटिश अधिकाऱ्याला वॉशिंग्टनमध्ये याची माहिती मिळत होती, आणि तो मॉस्कोचा माणूस होता.

दुसरी घटना एका नाण्याची. 1953 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एका पेपरवाल्या पोराच्या हातून पाच सेंटचं नाणं खाली पडलं आणि त्याची दोन शकलं झाली. साधारण आपल्या रुपयाएवढं नाणं, आतून पोकळ, आणि पोकळीत टंकलेल्या आकड्यांच्या दहा उभ्या रांगांचा इवलासा फोटो. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेला तो चार वर्षं वाचता आला नाही. 1957 मध्ये हेहानेन हा सोव्हिएत हेर फितूर झाला तेव्हा उलगडा झाला. तो निरोप त्याच्याच नावाचा होता, अमेरिकेत पोचल्याबद्दल शुभेच्छांचा. नाणं त्याच्याच हातून सुटलं होतं. त्याने सांगितलेल्या माहितीवरून त्याचा वरिष्ठ, सोव्हिएत हेर रुडॉल्फ आबेल पकडला गेला. 10 फेब्रुवारी 1962 ला बर्लिनजवळच्या ग्लिनिके पुलावर सोव्हिएतांच्या कैदेत असलेला अमेरिकी यू-2 हेरविमानाचा वैमानिक पॉवर्स याच्या बदल्यात त्याला सोडण्यात आलं. कादंबऱ्या-चित्रपटांतला पुलावरचा अदलाबदलीचा प्रसंग इथूनच घट्ट झाला.

त्याआधी 13 ऑगस्ट 1961 ला बर्लिनमध्ये पूर्व आणि पश्चिम भागांच्या मधे काटेरी तारा पडल्या, त्यांचीच पुढे भिंत झाली. तोवर पूर्वेकडचा हेर भुयारी रेल्वेत बसून पश्चिमेला येऊ शकत होता. नंतर प्रत्येक फेरी जिवावरची झाली. जॉन ल कारे तेव्हा बॉनच्या ब्रिटिश दूतावासातून गुप्तचर खात्याचंच काम करत होते. 1963 च्या त्यांच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या कादंबरीने भिंत कथेच्या मध्यभागी आणली. इयान फ्लेमिंग यांनीही महायुद्धात नौदलाच्या गुप्तचर खात्यात काम केलं होतं, पण त्यांचा नायक जेम्स बाँड पिस्तुलावर जगतो. ल कारेंचा माणूस दप्तरात जगतो, आणि खऱ्या कामाला तोच जवळचा वाटतो.

वाचताना पुस्तकाचं साल आधी बघावं. व्हेनोनाच्या तारा 1995 च्या जुलैमध्ये लोकांसाठी खुल्या झाल्या. त्याआधीच्या कादंबऱ्यांत गुपित फुटतं ते बहुधा फितुरीने किंवा प्रेमात पडल्याने. दुसऱ्यांदा वापरलेल्या पानामुळे फुटलेलं सहसा सापडत नाही.