जग बुडाल्यावरच्या गोष्टी कानावर कशा आल्या

साथ आली, वीज गेली, मोठी माणसं उरली नाहीत आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनाच आता निभवायचं आहे. हा साचा मोबाइलवरच्या ऑडिओ मालिकांनी आणला असं वाटतं, पण त्याचा कणा रेडिओचा आहे.

३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत सीबीएस या रेडिओ जाळ्यावर ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबरीवर नभोनाट्य केलं. मंगळावरून हल्ला झाल्याचं निवेदकाने सांगितलं नाही. नाचाचं संगीत मध्येच तोडून बातमीदाराने सांगितलं. बातमीदाराचं काम करणाऱ्या फ्रँक रेडिकने १९३७ च्या हिंडेनबर्ग या हवाई जहाजाच्या अपघाताचं रेकॉर्डिंग ऐकून आवाज बसवला होता. बोलता बोलता बातमीदाराचा आवाज तुटतो आणि काही सेकंद काहीच ऐकू येत नाही. देशभर हाहाकार उडाला ही वर्तमानपत्रांनी फुगवलेली गोष्ट. पण या प्रकारातलं निम्मं तंत्र त्या काही सेकंदांत आहे.

बीबीसीने १९५७ मध्ये जॉन विंडमच्या ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ची मालिका केली. तिच्यात जवळजवळ सगळं जग आंधळं होतं, आणि ऐकणाऱ्यालाही काही दिसत नसतंच! पुढे २००८ च्या ‘द हंगर गेम्स’ने किशोर कादंबरीत ‘मी’ आणि वर्तमानकाळ यांची जोडी रूढ केली. ‘मी दार उघडते’ हे वाक्य वाचण्यापेक्षा ऐकायलाच बरं. २००९ मध्ये ‘वी आर अलाइव्ह’ ही मालिका पॉडकास्ट म्हणून आली आणि आकाशवाणीसारख्या केंद्राची गरज संपली.

आपल्याकडे नागपूर आकाशवाणी १९४८ पासूनची. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’सारख्या कथेने मराठी वाचकाला जगबुडीची शास्त्रीय बाजूही दाखवली. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात; मंडपात मागे बसलेल्याला नट धड दिसत नाही, तो आवाजावरच नाटक धरतो. २००५ नंतरच्या काही उन्हाळ्यांत खेड्यांत दहा-बारा तास भारनियमन असायचं, त्यामुळे वीज गेल्यावर काय होतं हे विदर्भातल्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

अडत होतं ते पोचवण्यात. तेव्हा बाजाराच्या दिवशी दुकानदार मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, पुढच्या वर्षी स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप मराठीसह भारतात उतरलं. पंधरा मिनिटांचा भाग म्हणजे मिनिटाला १२० शब्दांनी १,८०० शब्द. सेकंदाला ६४ किलोबिट (केबीपीएस) आणि मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, ठेवला तर फाइल साधारण ७ एमबी, १२८ ला दुप्पट. निवेदनाला ६४ पुरतं.

फसतं ते मोबाइलच्या स्पीकरवर. त्यातून खालचे स्वर निघतच नाहीत, म्हणून हेडफोनवर दणदणीत वाटलेला स्फोट गावात ‘टप्’ होऊन येतो. त्यात पत्र्याचा कडकडाट मिसळावा. नुसता पाऊस तर फोडणीसारखा ऐकू येतो; टीनावर पडणारा ओळखू येतो. रेकॉर्डिंग मेमध्ये करायचं असेल तर कूलर बंद करून, पहाटे, अंगावर गोधडी घेऊन. मागाहून घरघर काढायला गेलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

संहितेतली ढिलाई मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरने झाकत नाही. वीज गेली की मोबाइल टॉवरची बॅटरी काही तास टिकते, नळयोजनेची टाकी एखाद-दोन दिवस. मग हातपंप. सोलापूर पंपावरून १९७० च्या दशकात घडलेला इंडिया मार्क-२ ऑडिओसाठी सोन्यासारखा: साखळीची करकर, दांड्याचा ठोका, मग पाण्याची उसळी. खालचा व्हॉल्व्ह गळत असेल तर पाइपातलं पाणी उतरतं आणि सकाळी बराच वेळ कोरडा दांडा मारावा लागतो; हा आवाज आला की गावचं पोर बिघाड स्वतःच ओळखतं. पण नंतर तो व्हॉल्व्ह दुरुस्त करायला गोष्टीतली दोन पोरं हातानेच पाइप उपसून काढतात, हे पटत नाही. तीन मीटरचा एक लोखंडी पाइप नऊ किलोंच्या पुढे. तीस मीटर खोलीला असे दहा, वर आतल्या सळया आणि पाणी. शंभर किलोंच्या वरचं हे ओझं काढायला क्लॅम्प, तिकाटणं आणि चार दणकट माणसं लागतात. गोष्टीत तेवढी उरली नसतील तर लेखकाने सरळ पोरांना दोर-बादली देऊन उघड्या विहिरीकडे न्यावं.