फिटच्या डॉक्टरचा अर्धा अभ्यास प्रश्नांचा

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरून जाताना दवाखान्यांच्या पाट्या वाचायची खोड असेल, तर ‘एमबीबीएस, एमडी, डीएम न्यूरोलॉजी’ (म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर) ही अक्षरं नजरेखालून गेलीच असतील. हिशेब मांडला तर इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, डीएमची आणखी तीन. प्रवेश परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षं वेगळीच. एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार, फिट येण्याचा आजार, हाच विषय धरायचा तर त्यावर फेलोशिप, म्हणजे त्या एकाच विषयाचं पुढचं प्रशिक्षण. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत ती करता येते.

एवढं शिकून डॉक्टर पहिल्या भेटीत करतात काय, तर चौकशी. आणि तीही बरेचदा पेशंटपेक्षा सोबत आलेल्या माणसाची, कारण पेशंटला बहुधा फिटमधलं काहीच आठवत नसतं. डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले? मान कुठल्या बाजूला वळली? आधी कुठला हात उडायला लागला? शुद्धीवर आल्यावर किती वेळ गोंधळलेला होता? उभ्या उभ्या चक्कर येऊन पडलेला माणूस बहुधा लगेच भानावर येतो. मोठ्या फिटनंतर मात्र बराच वेळ काही सुधरत नाही. डोळे गच्च मिटलेले असतील तर झटके मानसिक ताणातून आलेले असू शकतात, आणि तिथे फिटच्या गोळ्यांचा उपयोग नाही.

‘ईईजी नॉर्मल आला, म्हणजे फिट नाही’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. जर्मनीत हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या, तेच हे तंत्र. पण साधा ईईजी अर्ध्या तासाचा. तेवढ्यात मेंदू शांत असला तर कागदावर काय उमटणार? म्हणून फेलोशिपमध्ये व्हिडिओ-ईईजीवर भर असतो: पेशंटला दाखल करून कॅमेरा आणि लहरी दिवसरात्र एकदम चालू, आणि मग एकेक झटका पुन्हा पुन्हा बघायचा.

नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात घेऊनही फिट थांबत नसतील, तर तो औषधांना न जुमानणारा अपस्मार. साधारण तिघांत एकाचं असं होतं. त्यातल्या काहींना ऑपरेशनने गुण येतो, पण मेंदूतली नेमकी जागा सापडली तरच.

तेव्हा अपॉइंटमेंटला जाताना फाइल न्याच, पण फिट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसालाही सोबत न्या. पेशंटला कुशीवर वळवल्यावर मोबाइलवर शूटिंग केलेलं असेल, तर उत्तमच.