पलटणीतल्या साहेबाविरुद्ध तक्रार करायचीय? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

गणपतीत छुट्टीवर आलेली पोरं इथे दापोलीत आमच्या ओटीवर बसली की चहा संपायच्या आत विषय साहेबावर येतो, आणि मी पलटणीत क्लार्की केलेली म्हणून अर्जाचा कागद माझ्याच पुढ्यात सरकतो. बहुतेक अर्जांत एकच रडगाणं असतं, साहेबांना माणसं सांभाळता येत नाहीत. खरं असेल रे, पण असा अर्ज परत येणारच, कारण ‘वाईट नेतृत्व’ नावाचा गुन्हा कायद्यात कुठे लिहिलेलाच नाही.

कायदा विचारतो ते एवढंच की तुझ्यावर काय अन्याय झाला. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये जवान, एनसीओ (नायक, हवालदार), जेसीओंसाठी (सुभेदार वगैरे) कलम २६ आहे, ऑफिसरांसाठी कलम २७, नेव्हीवाल्यांना नेव्ही ॲक्ट १९५७ चं कलम २३. म्हणून ‘कंपनीचं (म्हणजे तुमच्या तुकडीचं) मनोबल खचलंय’ वगैरे खोडून टाका आणि तारीख, जागा, कोणी काय केलं, समोर कोण होतं, तुमचं नुकसान काय झालं हे लिहा. एका पोराने सहा पानं आणलेली, आम्ही काटून दीड पानावर आणली. त्यात उरलं काय तर ताप असताना सिक रिपोर्ट (आजारी म्हणून डॉक्टरकडे हजेरी) करू दिला नाही, रात्रभर ड्युटीवर उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, भरती. एमएचचा कागद जोडला. ते दीड पान कोणाला टाळता आलं नसतं, सहा पानं कोणी वाचलीच नसती.

हात उचलला असेल तर आर्मी ॲक्टचंच कलम ४७, हाताखालच्याला मारहाण किंवा छळ, कोर्ट मार्शलमध्ये सिद्ध झालं तर ७ वर्षांपर्यंत कैद. पण त्याच दिवशी डॉक्टरला दाखवलेलं असेल तर बरं, आठवड्याने वळ राहत नाहीत.

अर्ज कंपनी कमांडरकडे द्यायचा. ‘पण तक्रार त्याच्याचविरुद्ध आहे ना काका!’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. कलम २६ मध्येच लिहिलंय की मग त्याच्या वरच्या साहेबाकडे द्या. हे पोरांना कोणी सांगत नाही, का सांगत नाही ते समजून घ्या.

आता जो कागद कोणाकडेच नसतो तो, म्हणजे पोच. सैनिक संमेलनात, म्हणजे साहेब सगळ्या जवानांशी बोलतात तिथे, पॉइंट उठवला, सुभेदार साहेबांच्या कानावर घातलं, साहेबासमोरच्या इंटरव्यूत बोललो, हे सगळं हवेत. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट सही किंवा डायरी नंबर घ्या. देत नाहीत म्हणता, माहितीय, मीच त्या खुर्चीवर बसायचो. मागत राहायचं, नाहीच दिला तर स्पीड पोस्ट करून पावती जपायची.

पोच का, तर मुदत तिथूनच मोजतात. वर न्याय मिळाला नाही तर पुढे आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, सैन्यातल्या लोकांच्या केसेसचं न्यायाधिकरण, २००७ च्या कायद्याने झालेलं, आपल्याला मुंबईचं बेंच. तिथे आधी खात्यातली तक्रार केलेली असावी लागते. अंतिम ऑर्डर आली तर ऑर्डरच्या तारखेपासून ६ महिने. उत्तरच आलं नाही तर ६ महिने वाट बघायची आणि त्याच्या पुढच्या ६ महिन्यांत केस टाकायची. म्हणजे १ मार्चला अर्ज दिला आणि सगळं गप्प, तर ऑगस्ट सरल्यावर दार उघडतं आणि फेब्रुवारी सरला की बंद. लोक दोन दोन वर्षं रिमाइंडर पाठवत बसतात, त्यांना वाटतं प्रत्येक रिमाइंडरने मुदत नवी होते. होत नाही! उशीर माफ करायचा अधिकार ट्रिब्युनलला आहे, पण कारण तसं सबळ लागतं, ‘उत्तराची वाट बघत होतो’ यावर भरवसा ठेवू नका.

छुट्टी नाकारली किंवा बदली मुद्दाम केली, एवढ्यावर ट्रिब्युनल नाही. या दोन गोष्टी कायद्यानेच बाहेर ठेवल्यात, आणि नेमकी निम्मी गाऱ्हाणी याचीच. युनिटात तक्रार करा, वकिलावर पैसे घालण्याआधी हे लक्षात घ्या. आणि रत्नागिरीकडची कोस्ट गार्डची पोरं, तुम्हाला हे ट्रिब्युनल लागूच नाही, वर्दीवाल्यांनी हायकोर्टात जायचं.

काही जण सांगतात, नेव्हीत बघा, नौदलप्रमुख ॲडमिरल जोशींनी २६ फेब्रुवारी २०१४ ला सिंधुरत्न पाणबुडीच्या अपघातानंतर राजीनामा दिला. दिला, मोठा माणूस, पण तो स्वतःहून दिला, कोणाच्या अर्जावरून नाही. तुमचा साहेब तसा असता तर तुम्ही माझ्या ओटीवर बसला नसतात.

चौघांनी मिळून एका कागदावर सह्या करू नका, प्रत्येकाचा अर्ज वेगळा, नाहीतर तक्रार राहते बाजूला आणि शिस्तभंग निघतो. फेसबुकवर व्हिडिओ नको, परवानगीशिवाय सर्व्हिसच्या विषयावर बाहेर बोललं की आर्मी रूल २१ लागतो. आणि ऐकीव गोष्ट पाहिली म्हणून लिहू नका. तक्रारीत जाणूनबुजून खोटं लिहिलं किंवा महत्त्वाचं लपवलं तर कलम ५६, ५ वर्षांपर्यंत कैद, म्हणजे साहेब राहिला बाजूला आणि तुम्हीच आत.

जोडायचे कागद म्हणजे आयकार्डची झेरॉक्स, असतील तर मेडिकल पेपर, ज्या ऑर्डरवर तक्रार आहे तिची कॉपी, आणि पोच. एक झेरॉक्स सेट घरी आईकडे ठेवा, पण पत्र्याच्या पेटीत थेट नको, आपल्याकडच्या पावसात श्रावणापर्यंत कागदाला बुरा येतो आणि डायरी नंबरची शाई आधी जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.